सव्वा मूठ

खोटं बोलणाऱ्या माणसांचा मला राग नाही. नोकरीत मीही कमी खोटं बोललेले नाही. पण आत पाळण्याची दोरी हलताना दिसते आहे आणि बाहेर ओट्यावरची बाई माझ्या डोळ्यांत डोळे घालून ‘आमच्या घरात लहान मूल नाही’ म्हणते आहे, असं झालं की माझं डोकं फिरायचं. त्या दिवशी ते फिरलं, आणि फिरलं ते बरंच झालं असं मी आजही म्हणते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साक्रीच्या पुढे, डोंगर सुरू होतात त्या बाजूला एका उपकेंद्रात मी नर्स होते. माझं माहेर एदलाबादकडचं. पाटाच्या पाण्यात आणि केळीच्या बागांत वाढलेली मी, इथे येऊन पावसाच्या भरवशावरची बाजरी बघत होते. लोकांनी माझं नाव ‘केळीवाली बाई’ पाडलं होतं. माझी बोली ऐकून बायका पदराआड हसायच्या, मी त्यांची अहिराणी बोलायला गेले तर पदर बाजूला सारून हसायच्या. तिथवर आमचं छान चालायचं. पिशवीतून सुई निघाली की मात्र गल्ली ओस. पोरं धान्याच्या कणगीमागे, पोरांच्या आया शेतात, आणि ओट्यावर एक म्हातारी ताकास तूर लागू न देणारी.

त्या श्रावणात वरच्या पाड्यावर गोवर आला. दोन लेकरं गेली. पाड्यावरची माणसं रोज आमच्या गावात निंदणीला यायची, त्यामुळे गोवर खाली उतरायला किती वेळ लागणार हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. तरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं आणि बर्फाच्या डब्यात गोवराच्या लशीच्या बाटल्या दिल्या. नऊ महिने झालेल्या प्रत्येक मुलाला डोस द्यायचा. सांगायला फार सोपं होतं.

गावात गोवराला गोवर म्हणत नाहीत. देवी आली म्हणतात. ज्या घरात ती येते त्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात, म्हणजे परक्यानं आत पाऊल टाकू नये. घरात फोडणी बंद, औषध बंद, सुईचं तर नावच नको. म्हणजे देवी यायच्या आत मला पोचायचं होतं. एकदा डहाळा लागला की माझं काम संपलं.

मी थेट अक्काच्या घरी गेले. गावात तिला लहानथोर सगळे अक्काच म्हणत. नवरा कधीच गेलेला, दोन मुलगे, धाकट्याला गेल्या दिवाळीत मुलगा झालेला. अक्का जे करील ते ती अख्खी गल्ली करायची. तिनं पोर पुढे केलं तर मागून सगळी येतील, तिनं दार लावलं तर मी बर्फ घेऊन परत. बरं, नातू दिवाळीचा म्हणजे श्रावणात त्याला नऊ महिने भरून गेलेले. सूट द्यायला मला कारणही नव्हतं.

परवा कानबाई बसणार होती. खान्देशात कानबाई म्हणजे काय हे खान्देशी माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. श्रावणातल्या एका रविवारी ही देवी घरात बसवतात आणि तिच्यासाठी रोट करतात. रोटाला गहू आणि हरभऱ्याची डाळ घ्यायची ती मापानं नाही, मुठीनं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मग तो म्हातारा असो की पाळण्यातला. आणि तो रोट भाऊबंदांखेरीज कोणाला द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचा. आमच्या माहेरीही कानबाई बसायची. माझी आई सांगायची, मूठ घरात हजर असेल त्याचीच घ्यायची, घेताना नाव मोठ्यानं घ्यायचं, एकदा सुरुवात केली की मध्ये उठायचं नाही, आणि घरातला जिता जीव वगळायचा नाही. वगळला, तर आपणच त्याला देवीपुढे नाही म्हटल्यासारखं होतं.

मी ओट्यापाशी पोचले तेव्हा अक्का पुढ्यात सूप घेऊन बसली होती. मोठ्या मुलाचं नाव घेऊन तिनं त्याची सव्वा मूठ नुकतीच सुपात टाकली होती. तो मोठा मुलगा उंबऱ्यावर बसून दोरी वळत होता. चाळिशीच्या आतला, पण मान कायम खाली. गावात मी त्याला बोलताना क्वचितच ऐकलं होतं.

“अक्का, नातवाला बघायला आले,” मी म्हटलं.

“आमना घरमा धाकलं पोर नही शे,” अक्का म्हणाली. “सून माहेर गयी, पोर्‍या तिना संगे गया.”

आत दोरी हलत होती. मी ती बघते आहे हेही तिनं बघितलं. तरी तिचा चेहरा जसाच्या तसा.

“मग बसते जरा. पाणी पिऊन जाते,” मी म्हटलं आणि डबा मांडीशी घेऊन ओट्यावर बसले.

पाणी आलं. प्यायले. अक्कानं धाकट्या मुलाचं नाव घेतलं, मूठ भरली, वर पाव मूठ टाकली. मग पुन्हा हात धान्यात घातला आणि तो तिथेच राहिला.

मला काय करायचं ते त्या क्षणी कळलं. मी हललेच नाही.

मी बसून होते तोवर तिला नातवाचं नाव घेता येत नव्हतं. आणि नाव घेतल्याशिवाय उठता येत नव्हतं. तिला वाटत होतं, ही सरकारी बाई कंटाळून जाईल. तिला काय माहीत, केळीच्या बागेत पाण्याच्या पाळीवरून आमच्याकडे बायका अख्खी दुपार भांडतात. मी पदरानं वारा घेत बसले. डब्यातला बर्फ वितळत होता, ते मलाही कळत होतं. पिठाच्या चक्कीचा आवाज लांबून येत होता. दुपारनंतर गावची लाइट जायची ती केव्हा येईल याचा नेम नसायचा. लाइट गेली की चक्की बंद, चक्की बंद झाली तर कानबाईचं पीठ कुठून आणायचं? अक्काचेही कान चक्कीकडे लागले होते. ती माझ्या डब्याकडे बघे, मी तिच्या सुपाकडे. मोठ्या मुलाचा दोरी वळणारा हातही थांबला होता.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. घसा पुन्हा कोरडा पडला, पण पाणी मागितलं असतं तर मी हरले असते.

शेवटी आतून सून आली. माहेरी गेलेली सून. डोक्यावरचा पदर पुढे ओढून खालच्या आवाजात म्हणाली, “आत्याबाई, चक्की बंद व्हई जाई.”

अक्कानं डोळे मिटले. नातवाचं नाव घेतलं. मोठ्यानं, जसं घ्यायचं असतं तसं. सव्वा मूठ सुपात पडली आणि तिनं सूप बाजूला सरकवलं.

“व्हयनं ना तुन्हं मन?” ती माझ्यावर ओरडली. “देवीपुढे माले खोटं पाडं!”

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला तिच्याकडे बघवेना.

“अक्का, वरच्या पाड्यावर दोन लेकरं गेली,” मी म्हटलं. “तुमच्या नातवाला मला काही करायचं नाही. एकच सुई आहे.”

“हाई बी सुईच व्हती,” तिनं उंबऱ्यावरच्या मुलाकडे हात केला. “याले बाजारमाथीन जीपमा टाकीसन ली गयात. लगीन नवंनवं व्हतं. ‘काही नही, सुई शे’, म्हणेत. संध्याकाळले आणी टाकं गावना बाहेर. बायको निंघी गयी. यानं घर तठेच सरनं. आते सांग, सुईले काय समजू मी?”

आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची गोष्ट होती. अशा गोष्टी मी ऐकून होते, पण ज्याच्यावर ती गुदरली तो माणूस हाताच्या अंतरावर बसलेला मी पहिल्यांदाच बघत होते. त्याची मान आणखी खाली गेली. आणि माझ्याकडे नसबंदीच्या केसेस आणायचं कामही होतंच की. त्याच पिशवीतून, त्याच साडीत मी तेही सांगत फिरायचे. मला स्वतःच्या पांढऱ्या साडीची लाज वाटली.

“कोनी परत उना नही,” अक्का म्हणाली. “जीपवाला नही, डाक्टर नही. पोर्‍या जिता शे का मरना, इचाराले बी कोनी उना नही.”

मग तिनं ते सूप पुन्हा पुढे ओढलं आणि माझ्यापुढे धरलं.

“हात ठेव यावर. कानबाईनी आन खाय. मन्हा नातूले काहीच व्हवाव नही, अशी आन खाय.”

माझा हात उचलेना. खरं सांगायचं तर पाचावर धारण बसली. सुईनं त्याला काही होणार नाही हे मला ठाऊक होतं. पण पाड्यावरची माणसं रोज गावात होती. गोवर आधीच त्याच्या अंगात शिरला असेल तर आजची सुई त्याला थांबवू शकणार नव्हती, आणि मग मूल दगावलं असतं तर नाव सुईचंच झालं असतं. शिवाय सुईनंतर आठवड्याभरात ताप येतो, कधी अंगावर पुरळही उठतं. देवीच्या धान्यावर हात ठेवून मी कशाची आण घेणार होते?

मी हात ठेवला. म्हटलं, “अक्का, ताप येईल. पुरळही येईल कदाचित. काहीच होणार नाही अशी आण मी घेत नाही. पण त्याला काहीही झालं तर मी इथे येऊन बसेन. तोंड लपवणार नाही. याची आण घेते.”

“माले दुसरी आन पाहिजे व्हती,” अक्का म्हणाली. पण सुनेकडे बघून तिनं मान हलवली.

पोरगा गुटगुटीत होता. सुई टोचली तसा असा काही भोकाड पसरून रडला की अर्धी गल्ली ओट्याशी जमली. आणि अक्काच्या नातवाला सुई दिली म्हटल्यावर कणगीमागची पोरं एकेक करून बाहेर आली. बाटली एकदा उघडली की ती त्याच दुपारी संपवावी लागते. ती संपली, दुसरी उघडली, तीही संपली. अक्का सूप डोक्यावर घेऊन चक्कीवर निघून गेली होती. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

दुसरा आठवडा लागला. पौर्णिमा उद्यावर आली होती. मी आरोग्य केंद्रात हिशेब द्यायला गेले होते तेव्हा फाटकाशी सायकल घेऊन अक्काचा मोठा मुलगा उभा दिसला.

“आईनी बलावं शे,” तो म्हणाला.

“बाळ कसं आहे?”

“आईनी बलावं शे.” एवढंच.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, “एकट्या जाऊ नका. मागे एका गावात नर्सला खोलीत कोंडून ठेवलं होतं, विसरलात? उद्या सकाळी जीप घेऊन सगळेच जाऊ.”

जीप शब्द ऐकल्यावर त्या माणसानं सायकल वळवली. मी डॉक्टरांना काहीतरी उत्तर दिलं आणि त्याच्या मागे निघाले. डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण उद्याची जीप त्या दारात उभी करायची म्हणजे मी घेतलेल्या आणेला काडी लावण्यासारखं होतं.

त्यानं मला कॅरिअरवर बसवलं नाही, मीही बसले नाही. तो सायकल हातात धरून पुढे, मी मागे. वाटेत मी त्याला दोनदा विचारलं, त्यानं मागे वळून बघितलंही नाही. मूल गेलं असेल तर तो असाच चालेल, असं मनात आलं. मग वाटलं, मूल गेलं असतं तर चारचौघं आली असती. मग वाटलं, चारचौघं घरी थांबली असतील, माझ्यासाठी.

गल्लीत शिरले. मी आधी दार बघितलं. दाराला कडुलिंब नव्हता.

देवी नाही. देवी नाही, तर मग मला कशाला बोलावलं? ताप नसताना नर्सला कोण बोलावतं? एकच उत्तर होतं, आणि ते मनात यायच्या आत मी दार ढकललं.

आत अंधार होता. मी उंबरा ओलांडला आणि माझ्या डोक्याला काहीतरी लागलं. पानं होती. कडुलिंबाचा डहाळा दाराच्या आतल्या बाजूनं बांधलेला होता.

अक्का मुलाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. मूल फणफणलेलं, कानामागून छातीपर्यंत लाल पुरळ. सून पायाशी बसून होती, रडून रडून डोळे सुजलेले.

“आतमा कसाले बांधलाय?” मी कुजबुजले. माझी अहिराणी मोडकीच होती, पण हसलं कोणी नाही.

“बाहेर बांधतू ते बठ्ठी गल्ली म्हनती, सुईनी देवी आनी,” अक्का म्हणाली. “त्यासना पोरंसले बी सुई दिन्हेल शे. मी देवीले सांगं, माय, उनी शेस ते आतमाच बठ.”

मी तिच्याकडे बघत राहिले. देवीचा रीतरिवाज मोडायची हिंमत त्या बाईनं केली होती, तीही एकटीनं, नातू मांडीवर तापलेला असताना. आणि का, तर शेजारच्या पोरांच्या आया घाबरू नयेत म्हणून.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली. शेजारीण होती. तिच्या मुलीचंही अंग कोमट लागत होतं. “अक्का, तुन्हा नातू कसा शे?”

अक्कानं माझ्यावरची नजर काढली नाही. मांडीवरचं मूल कण्हत होतं आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, “खेळस आठे! सुईना ताप शे तो, बाईनी सांगेल व्हतं. उतरी जाई.”

पावलं लांब गेली. मग तिनं आवाज खाली आणला. “आते तू सांग. तुन्ही आन खरी शे का खोटी?”

मी मुलाला घेतलं. आधी त्याच्या काखेत हात घालून ताप बघितला. डोळे बघितले. गोवराचे डोळे लालभडक, चिकट असतात. याचे स्वच्छ होते. नाक वाहत नव्हतं. खोकला नव्हता. तोंड उघडून गालाच्या आतून बघितलं, तिथे गोवराचे पांढरे ठिपके असतात. ते नव्हते. तरीही हे लशीचंच पुरळ आहे असं शपथेवर सांगायला माझी जीभ रेटेना.

“सुईचंच वाटतं,” मी म्हटलं. “पण अंगावरून पाणी फिरवू दे. मी इथे थांबते.”

औषधाची गोळी पिशवीत होती. अक्का नको म्हणाली, देवीचं घर आहे. मी वाद घातला नाही. आयुष्यात फार कमी वेळा मी वाद घातलेला नाही, ही त्यातली एक. ओल्या फडक्यानं अंग पुसत बसले. कपाळ, काखा, तळपाय, पुन्हा कपाळ. सून पाणी बदलत होती. मोठा मुलगा दाराला पाठ लावून बसला होता, म्हणजे बाहेरून कोणी आत येऊ नये. की मी बाहेर जाऊ नये? त्या घडीला मला तेही सांगता आलं नसतं.

ऊन कौलांवरून उतरू लागलं तेव्हा पोराच्या कपाळावर घाम आला. आधी मला वाटलं फडक्याचं पाणी आहे. पुसलं, पुन्हा आला. मग त्यानं डोळे उघडून आईकडे हात केला, आणि तिनं अंगावर घेतल्यावर दूध प्यायला लागला. पिता पिता माझ्या पिशवीचा पट्टा त्यानं मुठीत धरला, तो सोडेना. सून हुंदका देऊन हसली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

अक्कानं भिंतीला डोकं टेकलं. इतके दिवस तिनं ते टेकलं नसावं.

मोठा मुलगा उठला. कोनाड्यातून एक कापडात बांधलेला रोट काढला. पौर्णिमेआधी संपवायचा म्हणून ठेवलेला शेवटचा. तो त्यानं माझ्यापुढे धरला.

मी हात मागे घेतला. “भाऊ, हा बाहेरच्याला चालत नाही. मला माहीत आहे.”

“हाऊ मन्हा वाटाना शे,” तो म्हणाला. “मन्हा मागे खानारं कोनी नही. तुम्ही खा.”

मी अक्काकडे बघितलं. तिनं मान वळवून देव्हाऱ्याकडे केली आणि म्हणाली, “खाय. सकाळ पुनी शे, सरना पाहिजे.”

रोट वाळून कडक झाला होता. मी तो तोडून तोडून खाल्ला, एक कणही खाली पडू दिला नाही. त्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नजर वर करून बघत म्हणाला, “चला बाई, सायकलवर बसा. अंधार व्हवाना आत तुमले सोडी येस.”